सरोवराचं मुद्दल

माझी आजी विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळायची आणि फडक्यात अडकलेले जीव थोड्या पाण्यासकट त्याच विहिरीत परत सोडायची. दुसऱ्या विहिरीत चालायचं नाही. अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवरच्या पाच मोठ्या सरोवरांचा इतिहास वाचताना मला तिचं हे फडकं सारखं आठवत होतं.

सुपीरियर, मिशिगन, ह्युरॉन, ईरी, ऑन्टारिओ. जगात जमिनीवर दिसणाऱ्या गोड्या पाण्याचा साधारण पाचवा हिस्सा या पाचांत आहे. मात्र पाऊस आणि बर्फाने दरवर्षी त्यातलं जेमतेम एक टक्का भरून निघतं. बाकीचं हिमयुगातलं. म्हणजे एक टक्का व्याज, उरलेलं मुद्दल. घर चालवणारीला आणखी सांगायला नको.

मुद्दलाला पहिला मोठा हात शिकागोने घातला. शहराची घाण नदीवाटे मिशिगन सरोवरात जाई आणि पिण्याचं पाणीही तिथूनच येई. १९०० मध्ये कालवा खणून त्यांनी नदीच उलटी वळवली. घाण गेली, पण तिच्यासोबत सरोवराचं पाणीही मिसिसिपीकडे जाऊ लागलं, ते कायमचंच. शेजारची राज्यं कोर्टात गेली. भांडण किती चालावं? १९६७ च्या हुकमाने मर्यादा ठरली ती सेकंदाला ३,२०० घनफूट, म्हणजे सुमारे ९० हजार लिटर.

मग १९९८ मध्ये ऑन्टारिओ प्रांताने एका छोट्या कंपनीला सुपीरियरचं पाणी जहाजातून आशियात नेण्याचा परवाना दिला. वर्षाला ६० कोटी लिटर. आकडा मोठा वाटतो ना? शिकागो तेवढं दोन तासांच्या आत नेतं! तरी दोन्ही देशांत गहजब झाला, आणि तो योग्यच होता असं मला वाटतं. पाणी एकदा विकायचा माल ठरलं, की व्यापार करारांपुढे दुसऱ्या गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणणार, ही भीती होती. परवाना मागे घेतला गेला.

त्यातून २००५ मध्ये आठ राज्यं आणि दोन प्रांतांचा करार झाला. २००८ मध्ये राज्यांमधल्या कराराला अमेरिकेत कायद्याचं बळ मिळालं. खोऱ्याबाहेर पाणी न्यायचं नाही. सीमेलगतच्या वस्त्यांना अपवाद, तोही वापरलेलं पाणी परत करण्याच्या अटीवर.

वॉकेशा हे गाव सरोवरापासून तीस किलोमीटरच्या आत, पण खोऱ्याबाहेर. त्यांच्या खोल विहिरींत रेडियम निघालं. २०१६ मध्ये आठही राज्यांनी एकमताने होकार दिला आणि २०२३ मध्ये पाणी पोहोचलं. ते शुद्ध करून रूट नदीतून परत मिशिगनमध्येच सोडावं लागतं. इथे मला आजी आठवली.

एक फट मात्र राहिली. साधारण साडेएकवीस लिटरपर्यंतच्या भांड्यांतून पाणी बाहेर गेलं, तर काय करायचं ते प्रत्येक राज्याने आपलं ठरवायचं. बाटल्यांचे कारखाने तिथूनच आत येतात.