जावाचं इंजिन : एक न वाचलेला दस्तऐवज

इतिहासाची साधनं कोणती, असं विचारलं की मुलं बखरी, फर्मानं, नाणी, शिलालेख अशी यादी सांगतात. मी भाषेचा शिक्षक. पण त्या यादीत जुन्या मोटारसायकलच्या इंजिनलाही जागा द्यावी, असं माझं मत आहे.

जावाचंच उदाहरण घ्या. 1929 मध्ये प्रागच्या यानेचेक यांनी वाँडरर या जर्मन कंपनीच्या गाडीचे हक्क घेतले आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरं जोडली. रोमन 'जे'चा उच्चार चेक भाषेत 'य' होतो, म्हणून तिकडे ती यावा, आपल्याकडे जावा. जर्मनांच्या ताब्यात असताना तिथल्या कारागिरांनी गुपचूप नव्या गाडीवर काम केलं आणि 1946 मध्ये ती जगापुढे आणली. भारतात रुस्तम इराणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हैसूरला कारखाना काढला. 1961 पासून तिथे जावा बनू लागली. पुढे सत्तरच्या दशकात तिचं नाव येझदी झालं. इराणातल्या यझ्द शहराला 'ई' जोडली की येझदी, जसं हैदराबादचा हैदराबादी. 1996 मध्ये कारखाना बंद पडला.

एवढा इतिहास छापील आहे. पुढचा इंजिनच्या आत आहे.

आमच्या गावातल्या एका उस्तादांना मी साठच्या दशकातली जावा उघडताना पाहिलं. ते इंजिन आधी धुवत नाहीत. तेल कुठून पाझरलंय, कोणत्या नटावर छिन्नीचे घाव आहेत, हे आधी बघतात. धुतलं की पुरावा गेला. मग हेड निघतं. पिस्टनच्या माथ्यावरच्या काजळीवरून पेट्रोल कसं जळत होतं ते कळतं. काजळी पुसली की आकडा दिसतो. मूळ पिस्टन 65 मिलिमीटरचा. आकडा 65.50 असेल, तर सिलिंडर झिजल्यावर तो खरादावर वाढवून घेतलेला आहे.

हे इंजिन टू-स्ट्रोक. याला व्हॉल्व्ह नाहीत, सिलिंडरच्या भिंतीतच खिडक्या असतात. वंगणाचं तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं. ते कमी पडलं की पिस्टन तापून जाम होतो आणि एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे उमटतात. ते ओरखडे म्हणजे कुणाचा तरी घाटातला प्रवास अर्ध्यावर थांबल्याची नोंदच.

मग क्रँक. कनेक्टिंग रॉड थोडा आडवा सरकला तर चालतो, पण वर-खाली हलला की बेअरिंग गेलं समजायचं. क्लचच्या बाजूचं सील फाटलं तर गिअरचं तेल आत ओढलं जातं आणि गाडी पांढरा धूर सोडते. डायनॅमोच्या बाजूचं फाटलं तर हवा शिरते, इंजिन जास्त तापतं. दोन सीलांचे दोन आजार. आवाज आणि धूर ओळखणाऱ्या उस्तादांना इंजिन उघडण्याआधीच अंदाज येतो.

त्या इंजिनात पितळेचा एक बुश निघाला. कारखान्यातला नव्हे, कुणीतरी खरादावर हाताने उतरवलेला. कारखाना बंद झाल्यावर मूळ सुटे भाग मिळणं अवघड झालं, तेव्हा या गाड्या अशा हातांनी जगवल्या. त्यावर ना सही, ना सनद.

गॅरेजची भाषा तरी पाहा. उस्ताद आणि शागीर्द फारसीतून आले, मिस्त्री पोर्तुगीजांकडून आला, पिस्टन इंग्रजांकडून. आमच्या समाजातली किती मुलं शाळा सुटल्यावर या भाषेत शिकली आणि घर चालवू लागली! शाळेच्या दाखल्यावर त्यांचं शिक्षण 'अपूर्ण' आहे. मला हा शब्द खटकतो. नोटेवर सही करणाऱ्याचं नाव आपल्याला आठवतं, पण क्रँक सरळ करणाऱ्याचं नाही.

आज हौशी लोक जुन्या जावा मोठ्या किमतीला घेतात, नव्याने रंगवतात. जरूर रंगवावं. फक्त एक विनंती आहे. उघडताना प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा, सुटे भाग क्रमाने पिशव्यांत ठेवा, जुना बुश भंगारात टाकू नका. आणि उस्तादांच्या शेजारी एखादा शिकलेला मुलगा वही घेऊन बसवा. ते काय बघतात, का बघतात, ते मराठीत लिहून काढू द्या. उस्ताद आता म्हातारे झाले आहेत, आणि त्यांच्या ज्ञानाची दुसरी प्रत कुठेच नाही.