बटण दाबल्यानंतर : जॉर्ज ईस्टमनचं घर आणि जतनाचा प्रश्न

आज आपल्याला अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात जायचं आहे. तिथे ईस्ट ॲव्हेन्यू नावाच्या रस्त्यावर, ९०० क्रमांकाला जॉर्ज ईस्टमन म्युझियम आहे. फोटोग्राफीला वाहिलेल्या जगातल्या सगळ्यात जुन्या संग्रहालयांपैकी हे एक. ते ज्या वाड्यात उभं राहिलं तो वाडा कोडॅक कंपनीच्या संस्थापकाचा, म्हणजे ईस्टमनचा स्वतःचा.

माणूस आधी समजून घेऊ, मग घराकडे येऊ. जन्म १८५४ चा. वडील लवकर गेले, आई घरात भाडेकरू ठेवून संसार चालवायची, आणि जॉर्जने चौदाव्या वर्षी शाळा सोडून नोकरी धरली. पुढे बँकेत कारकून असताना, १८७७ साली, त्याने फोटोग्राफीचं सामान विकत घेतलं. सामान म्हणजे काय? जड कॅमेरा, तिकाटणं, काचा, रसायनं, आणि वर अंधारासाठी तंबू! ओल्या काचेवरच फोटो काढायचा आणि ती सुकायच्या आत धुवायचा. हा सगळा खटाटोप कमी करायचा, या एकाच ध्यासातून पुढचं सारं घडलं.

१८८८ मध्ये पहिला कोडॅक कॅमेरा आला. किंमत २५ डॉलर, आत शंभर फोटोंचा रोळ. रोळ संपला की दहा डॉलरसह अख्खा कॅमेराच रॉचेस्टरला पाठवायचा. फोटो छापून, नवा रोळ भरून कॅमेरा परत यायचा. जाहिरात सांगायची, बटण तुम्ही दाबा, बाकीचं आम्ही बघतो. १९०० साली एक डॉलरचा ब्राउनी आला आणि कॅमेरा पोरांच्या हातात गेला. या जाहिरातीतलं ‘बाकीचं’ लक्षात ठेवा. मी पुन्हा त्यावर येणार आहे.

आता घर. ते १९०५ मध्ये बांधून पुरं झालं. ईस्टमनने लग्न केलं नाही. आईसोबत तो इथे राहायला आला आणि दोनच वर्षांत, १९०७ मध्ये, आई वारली. त्यानंतर पन्नासएक खोल्यांच्या या घरात मालक एकटा. मधल्या काचेच्या दालनाच्या भिंतीवर हत्तीचं मुंडकं, कारण साहेबांना शिकारीची हौस. सकाळी न्याहारीच्या वेळी नोकरीला ठेवलेला वादक ऑर्गन वाजवायचा. त्या दालनाची लांबी-रुंदी डोळ्यांना खटकते म्हणून १९१९ मध्ये या गृहस्थाने चक्क घर मधोमध कापलं आणि मागचा अर्धा भाग नऊ फूट चार इंच मागे सरकवला! घर बांधायला आला नव्हता तेवढा खर्च या सरकवण्याला आला. १९३२ मध्ये, असह्य पाठदुखीने बेजार झालेल्या ईस्टमनने, आपलं काम आता झालं अशा अर्थाची चिठ्ठी लिहून याच घरात स्वतःला गोळी घातली. घर रॉचेस्टर विद्यापीठाला मिळालं. १९४७ मध्ये संग्रहालयाची संस्था स्थापन झाली आणि १९४९ मध्ये दारं लोकांसाठी उघडली.

संग्रहाचा गाभा मात्र ईस्टमनचा नव्हे. पॅरिसच्या गॅब्रिएल क्रोमेरने सुरुवातीच्या काळातल्या फ्रेंच छायाचित्रांचा मोठा खजिना जमवला होता. फ्रान्समध्ये त्याचं संग्रहालय व्हावं, ही त्याची इच्छा. ती काही पुरी झाली नाही. त्याच्या मृत्यूनंतर १९३९ मध्ये कोडॅकने तो खजिना घेतला आणि तो अमेरिकेत आला. ज्या देशात फोटोग्राफी जन्मली, तिथली सुरुवातीची चित्रं पाहायला आज रॉचेस्टरला जावं लागतं, ते यामुळे.

पण खजिना हाती आला म्हणजे तो टिकतोच असं नाही. राहण्यासाठी बांधलेलं घर माणसाला मानवतं, फोटोला मानवत नाही. फोटोला थंडावा लागतो, दमटपणा बेताचा लागतो, आणि तो वर्षानुवर्षं तसाच राहावा लागतो. जुनी नायट्रेट फिल्म तर भलतीच अवघड. ती आपोआप कुजते, आणि पेटली तर पाण्यानेही विझत नाही. म्हणून संग्रहालय ती शहराबाहेरच्या वेगळ्या कोठारात ठेवतं. हे सगळं फार खर्चाचं काम. १९८० च्या दशकात पैशाची अशी ओढाताण झाली की सगळा संग्रह वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे द्यावा, असा प्रस्ताव पुढे आला. गावातून आणि बाहेरूनही विरोध झाला, निधी उभा राहिला, आणि १९८९ मध्ये घराला जोडून जतनासाठी नवी इमारत झाली. २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. ‘बाकीचं आम्ही बघतो’ म्हणणारी कंपनीच कोलमडली. संग्रह मात्र जागच्या जागी राहिला, कारण तोवर त्याला स्वतःची संस्था होती आणि आपला म्हणणारे लोक होते.

हा प्रश्न आपल्यापासून लांबचा नाही. पुण्यात लॉ कॉलेज रोडला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ सालचं. त्याच्या आवारातही एक जुनं घर आहे, बॅरिस्टर जयकरांचा बंगला. पी. के. नायर यांनी आयुष्य घालून इथे रिळं जमवली, फाळक्यांच्या चित्रपटांचे उरलेसुरले भागसुद्धा. तरी भारतात निघालेल्या तेराशेच्या आसपास मूकपटांपैकी आज फार थोडेच शिल्लक आहेत, तेही बरेचसे अपुरे. आणि जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच लागलेल्या आगीत नायट्रेटच्या जुन्या रिळांचा मोठा साठा जळून गेला.

तेव्हा मुद्दा एवढाच. चित्र काढणं ईस्टमनने सोपं केलं, आणि आता तर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. चित्र राखणं मात्र अजून कुणी सोपं केलेलं नाही. ते काम पगार घेणारे जाणकार, चोवीस तास चालणारी शीतगृहं आणि दरवर्षी लागणारा पैसा यांवरच चालतं. रॉचेस्टरला हत्तीचं मुंडकं जरूर पाहावं. पण त्या घरामागची कोठारं कोण चालवतं, हे विचारावं. आणि हाच प्रश्न आपल्या गावातल्या वाचनालयाला, जुन्या फोटो स्टुडिओला, घरातल्या पेटीतल्या अल्बमलाही विचारावा.