रेडिओ सिलोन ते ब्लूटूथ : कर्नाळ्यातल्या आवाजाचा वाद जुनाच आहे

मंडळी, पावसाळा सुरू झाला की आपल्या पनवेलच्या ग्रुपांवर दोन विषय ठरलेले असतात. पहिला मुंबई-गोवा हायवेचे खड्डे. दुसरा कर्नाळा अभयारण्यातला गोंगाट. कुणीतरी रविवारी जाऊन येतो, ब्लूटूथ स्पीकर लावून नाचणाऱ्या पोरांचा व्हिडिओ टाकतो आणि खाली कमेंटांचा पाऊस. "या मोबाइलनं पिढीच बिघडवली," असं एक काका लिहितात. "तुम्ही पण तुमच्या काळात टेप घेऊन जातच होतात की," असं कुणीतरी पुतण्या सुनावतो. मग गाडी परत खड्ड्यांवर येते आणि विषय संपतो.

पुतण्याचं म्हणणं खरं आहे, आणि काकांचंही अगदीच चूक नाही. वीसेक वर्षं या पट्ट्यात बातम्या गोळा करतोय, त्यात कामाच्या बातमीइतक्याच लोकांच्या जुन्या आठवणी ऐकल्यात. त्यामुळे या वादाचा थोडा इतिहास सांगावा म्हणतो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी जागेबद्दल. कर्नाळ्याचं पक्षी अभयारण्य १९६८ सालचं. सुरुवातीला जेमतेम साडेचार चौरस किलोमीटरचं होतं, २००३ मध्ये वाढवून बाराच्या आसपास नेलं. म्हणजे तसा हा जंगलाचा छोटासा तुकडाच. वर किल्ला, किल्ल्याचा तो अंगठ्यासारखा सुळका, सुळक्याला लटकलेली आग्या मोहळं. आणि खाली अभयारण्याच्या पोटातूनच गेलेला हायवे. ट्रकचा हॉर्न तर जंगलाला रोजचाच. त्यात आपण आणखी काय घालायचं, एवढाच खरा प्रश्न आहे.

आता रेडिओपासून सुरुवात करू. मुंबईचं रेडिओ केंद्र सुरू झालं २३ जुलै १९२७ ला. पण खेड्यापाड्यात रेडिओ पोचायला पुढची कित्येक वर्षं गेली. घरात रेडिओ असला तर पोस्टात जाऊन लायसन्सची फी भरावी लागायची. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत हे चाललं. आज पोरांना सांगितलं तर हसतात. गाणी ऐकायला सरकारी परवाना!

आणि काय ऐकायचं हेही सरकारच ठरवत होतं. १९५२ ते १९६२ या काळात माहिती आणि नभोवाणी मंत्री होते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, आपले मराठी गृहस्थ. माणूस विद्वान, शास्त्रीय संगीताचा जाणकार. त्यांना सिनेमाची गाणी हलक्या दर्जाची वाटायची. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास हद्दपार झाली. मग लोकांनी काय केलं? शास्त्रीय ऐकायला बसले? नाही. रेडिओची सुई फिरवून थेट सिलोन लावलं. १९५२ च्या डिसेंबरात तिथे बिनाका गीतमाला सुरू झाली आणि दर बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सयानींचा आवाज घरोघरी शिरला. एका टूथपेस्टच्या जाहिरातीच्या कार्यक्रमानं भारत सरकारच्या रेडिओचा श्रोता पळवला. शेवटी सरकारलाच ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू करावी लागली. केसकर तेव्हाही मंत्रीच होते.

पण त्याच काळातली, त्याच सरकारी रेडिओवरची दुसरी गोष्ट बघा. १ एप्रिल १९५५, रामनवमीला पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं. गदिमांचे शब्द, बाबूजींचं संगीत, आठवड्याला एक नवं गीत, वर्षभरात ५६ गीतं. लोक रेडिओला फुलं वाहून ऐकायला बसत, ही आठवण आजही जुन्या घरांत सांगतात. कुणी सक्ती केली नव्हती. चांगलं दिलं, लोकांनी डोक्यावर घेतलं. हे मुद्दाम लक्षात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे.

पुढे ट्रान्झिस्टर आला आणि पहिल्यांदा आवाज घराबाहेर पडला. खांद्याला अडकवायचा, शेतावर न्यायचा, क्रिकेटची कॉमेंट्री असली की कानाला लावून फिरायचं. कर्नाळ्याला सहलीला जाणाऱ्यांच्या पिशवीत डब्याशेजारी ट्रान्झिस्टर असायचा, असं माझ्या आधीच्या पिढीतल्या अनेकांनी सांगितलंय. पण त्याचा आवाज तो केवढा! पुढच्या झाडापर्यंत. त्यात डोंगरात गेलं की खरखरच जास्त. आणि सेल महाग, त्यामुळे बातम्या नि दोन गाणी झाली की बंद.

मग टीव्ही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. वरळीच्या टॉवरवरून निघालेल्या लहरी सरळ रेषेत जातात, डोंगर मध्ये आला की त्यामागे सावली पडते. त्यामुळे उघड्या मैदानातल्या गावाला चित्र बरं दिसायचं आणि डोंगराआडच्या वाडीला नुसत्या मुंग्या. मग अँटेनाची काठी आणखी उंच. एक जण कौलावर, एक दारात, एक टीव्हीसमोर. "आलं का?" "आलं, आलं… गेलं!" माझ्या वयाच्या प्रत्येकानं ही ड्यूटी केलीय. १९८२ च्या एशियाडच्या निमित्तानं रंगीत टीव्ही आला, १९८७ च्या जानेवारीत रामायण सुरू झालं. रविवारी सकाळी आमच्या आळीत ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या ओटीवर चपलांचा ढीग. त्या घरच्या काकू कधी चिडल्याचं आठवत नाही, पण पडदा पडल्यावर घर झाडायला आम्हा पोरांनाच लावायच्या.

तेव्हाही मोठी माणसं म्हणायचीच, टीव्हीनं पोरं बिघडली, अभ्यास गेला, भजन गेलं. गणपतीत भाड्यानं टीव्ही आणि व्हीसीआर आणून रात्रभर तीन-तीन सिनेमे लावायचो, तेव्हा म्हणायचे व्हिडिओनं बिघडली. सिनेमावरून आठवलं. १९९५ च्या 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'मधलं ते शेवटचं धावत्या गाडीचं दृश्य, पंजाब म्हणून दाखवलेलं, ते आपल्या पनवेल तालुक्यातल्या आपटा स्टेशनचं आहे. कर्नाळ्याच्या डोंगरापलीकडचं स्टेशन. ज्या सिनेमानं पोरं बिघडतात म्हणायचे, त्याचं शूटिंग आपल्याच अंगणात चाललेलं!

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती कॅसेट. आगरी लग्नात धवलारीण असते. पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ आलेले धवले ती गाते आणि तिच्या गाण्यावर लग्नाचे विधी चालतात. लग्न लावणारी बाई, विचार करा. आपल्या आगरी-कोळी गाण्यांना रेडिओवर कधीमधी जागा मिळायची. कॅसेट स्वस्त, रेकॉर्डिंग स्वस्त, त्यामुळे ऐंशी-नव्वदच्या दशकांत ही गाणी बाजारात आली आणि टू-इन-वनवर गावोगाव वाजू लागली. शहरातल्या लोकांनी आमच्या बोलीची चेष्टा करायची तो काळ. त्या कॅसेटनं बोलीला मान मिळवून दिला. म्हणून कुणी सरसकट "लाउड गाणी म्हणजे घाण" म्हणालं की माझं डोकं फिरतं. त्यात अनेकदा गाण्यापेक्षा माणसांबद्दलचा तुच्छपणा जास्त असतो, केसकरांच्या काळासारखाच.

पण नाण्याची दुसरी बाजूही सांगतो. कॅसेटमागून मोठे स्पीकर आले, मग डीजे आला. हळदीच्या रात्री भिंती हादरायला लागल्या. धवलारणीचा आवाज त्याखाली दबला. केंद्राचे ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे, रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. २००५ च्या जुलैत सुप्रीम कोर्टानंही बजावलं. पोलीस येत, आवाज कमी होई, जीप वळली की पुन्हा चालू. फरक पडलेला मी पाहिला तो वेगळ्या ठिकाणी. काही गावांनी स्वतः बैठका घेतल्या, हळदीचा खर्च आणि डीजे यांवर बंधनं घातली. कारण कर्ज झालेलं त्यांनी पाहिलं होतं, घरातल्या म्हाताऱ्यांचे हाल पाहिले होते. सगळीकडे पाळलं जातं असं नाही. पण जिथे गावानंच ठरवलं, तिथे पोलिसांच्या जीपची वाट बघावी लागत नाही.

आता फोन आणि कॅमेरा. मी कामाला लागलो तेव्हा बातमी फॅक्सनं जायची आणि फोटोचं पाकीट एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती. कॅमेऱ्यात रोल, रोलमध्ये ३६ फोटो. बटण दाबण्याआधी दहादा विचार, कारण रोल आणि धुलाई दोन्हींचे पैसे खिशातून. मोबाइल १९९५ साली देशात आला तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होते आणि आलेल्या फोनचेही पैसे पडायचे. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि खेड्यातल्या माणसाच्या हाती फोन आला. मिस्ड कॉल हीच एक भाषा झाली. एक दिला तर पोचलो, दोन दिले तर फोन कर. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटाचा हिशोबच संपला.

माझ्या मते खरा बदल इथे आहे. पूर्वी यंत्र एक आणि माणसं पन्नास. त्यामुळे काय लावायचं, किती मोठ्यानं लावायचं, हे चारचौघांत ठरायचं. ओटीवरच्या काकू "आता पुरे" म्हणाल्या की पुरे. सेल संपायचा, रोल संपायचा, पैसे संपायचे. आता एका सहलीत दहा माणसं आणि दहा यंत्रं. बॅटरी संपत नाही, फोटो संपत नाहीत आणि "पुरे" म्हणणाऱ्या काकू कुणाच्याच नाहीत.

याचा सगळ्यात मोठा फटका कर्नाळ्यात कुणाला बसतो? तिबोटी खंड्याला. आपल्या रायगडचा जिल्हा पक्षी. चिमणीपेक्षाही छोटा, पण रंग असे की देवानं रंगपेटीच उपडी केलीय. पावसाळ्यात तो इथे वीण करायला येतो. ओढ्याच्या मातीच्या काठात बीळ करून घरटं करतो. नर-मादी दोघंही पालीची पिल्लं, बेडक्या, खेकडे आणून पिल्लांना भरवतात. त्याचा फोटो म्हणजे सोशल मीडियावर हजार लाइक. मग घरट्याची जागा एकाला कळली की ग्रुपवर जाते आणि पुढच्या रविवारी तिथे गर्दी. माणसं बिळाजवळ उभी असली की पक्षी चोचीत भक्ष्य धरून फांदीवरच थांबून राहतो. आत पिल्लं उपाशी.

दुसरा प्रकार म्हणजे मोबाइलवर पक्ष्याचा रेकॉर्ड केलेला आवाज लावायचा. खऱ्या पक्ष्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला. तो खाणंपिणं, पिल्लं सोडून त्या न दिसणाऱ्या शत्रूला शोधत फिरतो. आपला फोटो होतो, त्याचा दिवस जातो. कर्नाळ्यात नकला करायला मुळात भृंगराज आहेच. लांब शेपटीच्या टोकाला दोन पिसांचे झुबके असलेला तो काळा पक्षी दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढतो. तिथे आपल्या मोबाइलची भर कशाला?

आणि नाचगाण्याच्या स्पीकरबद्दल. ट्रान्झिस्टरचा आवाज पुढच्या झाडापर्यंत जायचा, स्पीकरचा पुढच्या ओढ्यापर्यंत जातो. वीण चालू असलेल्या पक्ष्याला नर-मादीची हाक, पिल्लांची हाक, धोक्याची हाक, सगळं कानानंच ओळखायचं असतं. एवढ्याशा जंगलात दोन स्पीकर लागले तर त्यानं जायचं कुठे? पलीकडे हायवे आहे.

मग काय करायचं? "बंदी घाला" हे सगळ्यात सोपं उत्तर. नियम हवेतच, पण नुसत्या बंदीचं काय होतं ते केसकरांच्या उदाहरणात दिसलंय. गेटवर आज प्लास्टिकच्या बाटल्या मोजून अनामत घेतात, परत दाखवल्या की पैसे मिळतात. लोक कुरकुरतात, पण पाळतात. तसंच स्पीकर गेटवर ठेवून टोकन का देऊ नये? पायथ्याच्या गावांतल्या, ठाकूर-कातकरी वाड्यांतल्या पोरांना पक्षी बिनचूक कळतात. पावसाळ्याच्या रविवारी त्यांना मानधन देऊन ओढ्याकाठी उभं करा. ते "इथून पुढं नको, दादा" म्हणाले की पुण्या-मुंबईचा माणूसही ऐकेल. घरट्याची जागा कुणीही ग्रुपवर टाकायची नाही, हे आपल्या पक्षीमित्रांच्या ग्रुपांनी स्वतः ठरवावं. हळदीचं जसं गावानं ठरवलं तसं.

आणि हो, नुसतं नको-नको सांगून भागणार नाही. गीतरामायणासारखं काहीतरी द्यावंही लागेल. शाळांच्या सहली जातात तिथे, त्या पोरांना दहा मिनिटं गप्प बसवून किती आवाज ओळखता येतात हा खेळ घ्या. माझ्या ओळखीच्या एका मास्तरांनी घेतला. पोरांनी पहिला आवाज ओळखला तो ट्रकचा, दुसरा माकडाचा, आणि तिसऱ्यापाशी सगळी अडली. मग तो तिसरा कोण हे शोधायला सगळी एका रांगेत, चिडीचूप निघाली.

तुमच्याकडे पहिला रेडिओ किंवा टेप कधी आला आणि तो बंद करायला कोण सांगायचं, ते खाली नक्की लिहा. आणि या रविवारी कर्नाळ्याला जाणार असाल तर स्पीकर गाडीतच राहू द्या, एवढी विनंती.