वर्ध्याचे दोन दिवस

महोत्सव म्हटला की मांडव, हारतुरे आणि गौरवपर भाषणे ही ओघाने आलीच. परंतु एका शाळेच्या रौप्यमहोत्सवाने देशाच्या शिक्षणविचाराला वळण दिले होते. आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात त्या प्रसंगाचे स्मरण उचित ठरेल.

१९३७ च्या जुलैत अनेक प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे अधिकारारूढ झाली आणि लोकशिक्षणाचा प्रश्न मोठ्या विचित्र रूपात पुढे आला. शाळांना पैसा मिळे तो दारूवरील करातून. मग दारूबंदी करावी, तर शाळा चालवाव्यात कशावर? हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण द्यावे व त्याच उद्योगाच्या उत्पन्नातून शाळेने आपला खर्च भागवावा, असा मार्ग गांधीजींनी ‘हरिजन’ पत्रातून सुचविला. त्यावर टीका झाली, उत्तरे निघाली. परंतु लेखणीच्या वादात जो तो आपल्या जागी ठाम राहतो.

याच सुमारास वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयाचा, म्हणजेच पुढील नवभारत विद्यालयाचा, रौप्यमहोत्सव आला. चालकांनी त्या निमित्ताने शिक्षणाच्या कैवाऱ्यांना एकत्र बोलाविले. २२ व २३ ऑक्टोबर रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली ही परिषद भरली. मध्यप्रांताचे रविशंकर शुक्ल आदी मंत्री आले. विनोबा आणि काकासाहेब कालेलकर ही आपल्या परिचयाची माणसेही होती.

दिल्लीच्या जामिया मिलियाचे डॉ. झाकिर हुसेन यांनी तेथे गांधीजींच्या समक्ष स्पष्ट इशारा दिला: स्वावलंबनावर अतिरेकी भर दिल्यास गरीब मुलांच्या श्रमांचे शोषण होईल. अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहा यांनीही शाळांचा माल कारागिरांशी स्पर्धा करील, अशी शंका काढली. यानंतर जे घडले ते विशेष लक्षणीय होय. अभ्यासक्रम आखण्यासाठी जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्षपद झाकिर हुसेन यांच्याकडेच सोपविण्यात आले आणि शहा तिचे सभासद झाले!

परिषदेने चार ठराव केले: सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम, उत्पादक हस्तोद्योगाचे केंद्रस्थान, आणि शिक्षकांचे वेतन तरी त्यातून हळूहळू निघावे, ही अपेक्षा. संपूर्ण खर्चाचा आग्रह असा वेतनापुरता सौम्य झाला. डिसेंबरात समितीचा अहवाल तयार झाला; १९३८ च्या फेब्रुवारीत हरिपुरा काँग्रेसने योजना स्वीकारली.

ही बुनियादी शाळा पुढे अपेक्षेप्रमाणे रुजली नाही, हे मान्य केले पाहिजे. तथापि मोफत व सक्तीच्या शिक्षणाची मागणी मावळली नाही. २००२ च्या घटनादुरुस्तीने तिला मूलभूत हक्काचे स्थान मिळाले, आणि तत्संबंधीचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला.

पत्रातून मत कळते. समोरासमोर बसल्यावर मतामागचा माणूस कळतो, आणि विरोधकावरही कार्य सोपविण्याइतका विश्वास उत्पन्न होतो. वर्ध्याच्या त्या दोन दिवसांचे खरे फलित हेच. परप्रांतात मातृभाषेची ज्योत जपणाऱ्या आपणांस एकत्र जमण्याचे मोल वेगळे सांगावयास नको. मात्र महोत्सवाचा मांडव उतरण्यापूर्वी, आपल्या मुलांच्या मराठीविषयी ज्यांचे आपल्याशी मतभेद आहेत, अशांसह एकदा शांतपणे बसावे, एवढीच या निमित्ताने नम्र सूचना.