मेकॉम्बचे कोर्ट आणि स्कॉट्सबरोचे कोर्ट

हार्पर ली या बाईंची ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ ही कादंबरी १९६० साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. पुढल्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि १९६२ साली तिच्यावर बोलपटही निघाला. अलाबामा राज्यातल्या मेकॉम्ब या कल्पित गावी, मंदीच्या दिवसांत, टॉम रॉबिन्सन या काळ्या मजुरावर एका गोऱ्या मुलीवरील बलात्काराचा खोटा आळ येतो. अ‍ॅटिकस फिंच हा सज्जन गोरा वकील त्याचे निर्दोषत्व सूर्यप्रकाशाइतके स्पष्ट करून दाखवतो, आणि तरीही गोरी ज्यूरी त्याला दोषी ठरवते. वकिलाची दोन मुले, जेम आणि स्काउट, वरच्या सज्जातून हे सारे पाहतात. जेम रडतो. आपले गाव भल्या माणसांचे, ही त्याची समजूत त्या रात्री मोडते.

निरागसतेचा अंत तो हाच, असे टीकाकार म्हणतात. ते खरेच आहे. परंतु श्रोतेहो, ही निरागसता कोणाची? मुले बसली होती तो सज्जा काळ्यांसाठी राखलेला होता. शेजारच्या काळ्या माणसांना निकालाचे नवल वाटत नाही. त्यांचे पाद्रीबुवा तर जेमला अगोदरच सावध करतात. गमावण्याजोगी निरागसता त्यांच्याकडे कोणी शिल्लक ठेवलीच नव्हती. आणखी एक गोष्ट माझ्यासारख्याच्या नजरेतून सुटत नाही. टॉमचा डावा हात लुळा आहे, कारण लहानपणी तो सरकीच्या यंत्रात सापडला होता. वकीलसाहेब त्या हाताचा पुरावा म्हणून उत्तम उपयोग करतात. त्या पोराला नुकसानभरपाई काय मिळाली, हे मात्र कोणीच विचारीत नाही.

आता कादंबरी बाजूस ठेवून त्याच राज्यातला, त्याच काळातला खरा खटला पाहू. २५ मार्च १९३१ रोजी चॅटनुगाहून मेम्फिसकडे निघालेल्या मालगाडीत कामाच्या शोधात फिरणारी गोरी आणि काळी पोरे चढली होती. त्यांच्यात मारामारी झाली. खाली उतरवल्या गेलेल्या गोऱ्यांनी तक्रार केली, आणि पेंट रॉक येथे हत्यारबंद जमावाने गाडी अडवून नऊ काळी पोरे धरली. सर्वांत धाकटा रॉय राइट जेमतेम १२-१३ वर्षांचा. गाडीत व्हिक्टोरिया प्राइस आणि रूबी बेट्स या दोन गोऱ्या तरुणीही सापडल्या. या पोरांनी आपल्यावर बलात्कार केला, असे त्यांनी सांगितले.

या दोघी कोण? हंट्सव्हिलच्या कापडगिरणीतल्या कामगार! कधी काम, कधी घरी बसणे, हेच त्यांचे जिणे. आळ घेताच एका क्षणात त्या गावाच्या अब्रूच्या देवता झाल्या. गोऱ्या समाजाने त्यांना यापूर्वी कधी इतका मान दिला होता?

एप्रिलमध्ये स्कॉट्सबरोच्या कोर्टात खटले चालले. बाहेर हजारोंचा जमाव, पहाऱ्यावर लष्करी तुकड्या, आणि बचावासाठी ऐन वेळी उभे केलेले वकील. चार दिवसांत आठ जणांना फाशी सुनावली गेली. मी कायदा शिकलो तो लेबर कोर्टाच्या बाकावर बसून; पण चार दिवसांत आठ फाशी म्हणजे काय, हे कळायला तेवढा पुरतो.

या पोरांना कोणी अ‍ॅटिकस भेटला का? सॅम्युअल लीबोविट्झ हा न्यूयॉर्कचा नामांकित वकील पुढे उभा राहिला आणि उत्तम लढला, हे मान्य. पण त्याच्या आधी इंटरनॅशनल लेबर डिफेन्स ही कम्युनिस्टांच्या वळणाची संघटना धावून आली होती. तिचे स्वतःचे राजकारण होतेच, इतर संघटनांशी तिची भांडणेही जाहीर होती. तरीही तिने सभा, मोर्चे आणि वर्गणी यांच्या बळावर हा खटला जगापुढे नेला. एडा राइट या माउलीचे अँडी आणि रॉय हे दोन मुलगे आरोपींत होते. १९३२ साली ती युरोपभर सभांतून बोलत हिंडली. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पुरेसा वकील न दिल्याच्या कारणावरून शिक्षा रद्द केल्या. १९३५ साली काळ्यांना ज्यूरीतून वगळण्यावरही त्याने ठपका ठेवला.

कामगार तेवढा एक, असे आम्ही व्यासपीठावरून म्हणतो खरे. मुंबईच्या गिरण्यांत सूत तोंडाने ओढून धोट्यातून घ्यावे लागे, तेवढ्या निमित्ताने अस्पृश्य कामगाराला साचेखात्यात मज्जाव होता. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी तो प्रश्न पुढाऱ्यांसमोर टाकला, तेव्हा त्यांना तो फारसा गोड लागला नाही. तेव्हा हंट्सव्हिलच्या गिरणीवाल्यांना नावे ठेवताना जरा जपून.

न्यायमूर्ती जेम्स हॉर्टन यांनी १९३३ साली पुरावा तपासून हेवूड पॅटरसनची शिक्षा रद्द ठरवली. पुढच्या वर्षी ते निवडणूक हरले. १९३७ साली चौघे सुटले. तुरुंगातून शेवटी बाहेर पडला अँडी राइट, १९५० साली. उरलेल्या तिघांना अलाबामाने मरणोत्तर माफी दिली ती २०१३ मध्ये. तेव्हा नवांपैकी एकही हयात नव्हता.

कादंबरीतली फिर्यादी मुलगी मायेला आईवेगळी, बापाच्या माराखाली वाढलेली, भावंडांचे करून पिचलेली. लेखिकेने तिचे दुःख जाणले आहे, पण तिला साक्ष बदलू दिलेली नाही. रूबी बेट्सने मात्र १९३३ च्या एप्रिलमध्ये बचावाच्या बाजूने कोर्टात येऊन बलात्कार झालाच नाही असे सांगितले. ज्यूरीने तिचे ऐकले नाही. मे महिन्यात वॉशिंग्टनला मोर्चा गेला, तेव्हा त्या काळ्या पोरांच्या आयांबरोबर ही गिरणीतली मुलगी चालत होती.