परिचय : हरीश हंदे आणि बंगळुरूची ‘सेल्को’

बंगळुरू : ग्रामीण भागात सौरऊर्जा पोहोचविताना तंत्रज्ञानापेक्षा कर्जाचा हप्ताच अधिक अडचणीचा ठरतो, हे ओळखून त्याभोवती आपला व्यवसाय उभारणारी कंपनी म्हणून बंगळुरूच्या ‘सेल्को’ची ओळख आहे. हरीश हंदे यांनी अमेरिकेतील नेव्हिल विल्यम्स यांच्यासमवेत १९९५ मध्ये तिची स्थापना केली.

राउरकेला येथे वाढलेले हंदे खरगपूरच्या आयआयटीतून ऊर्जा अभियांत्रिकीची पदवी घेऊन उच्च शिक्षणासाठी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात गेले. डोमिनिकन प्रजासत्ताकात गरीब कुटुंबे स्वतः पैसे मोजून सौरदिवे वापरत असल्याचे त्यांनी पाहिले. त्यानंतर त्यांच्या संशोधनाचा रोख यंत्राकडून ते वापरणाऱ्याकडे वळला.

रस्त्यावर माल विकणाऱ्या एका महिलेचे म्हणणे हंदे अनेकदा सांगतात. महिन्याला ३०० रुपये तिला परवडत नव्हते. रोजचे १० रुपये मात्र परवडत होते. हिशेब एकच, पण रोज कमावून रोज खर्च करणाऱ्याच्या घरी महिनाअखेरीस ३०० रुपये एकगठ्ठा कोठून येणार? म्हणून ‘सेल्को’ने ग्रामीण बँका व सहकारी संस्थांना कर्ज देण्यास राजी केले आणि परतफेड ग्राहकाच्या मिळकतीशी जुळवली. शेतकऱ्याचा हप्ता सुगीनंतर, फेरीवाल्याचा रोजच्या रोज. दुरुस्तीसाठी गावाजवळ शाखा व तंत्रज्ञ ठेवले. हे खर्चिक असले तरी अपरिहार्य होते. बॅटरीत वेळेवर डिस्टिल्ड पाणी न घातल्यास दिवा विझतो आणि कर्ज तेवढे उरते. फुकट वाटलेल्या अनेक दिव्यांचे पुढे काय होते, हे ग्रामीण वाचकांना सांगावयास नको.

वाटचाल सरळ नव्हती. २००५ च्या सुमारास जर्मनीतील अनुदानांमुळे जगभर सौर पॅनेलची मागणी वाढली, किमती चढल्या आणि कंपनी तोट्यात गेली. सामाजिक उद्दिष्टाने भांडवल गुंतविणाऱ्यांच्या साहाय्याने ती सावरली.

हंदे यांना २०११ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी जळगाव जिल्ह्यातील बहादरपूरच्या नीलिमा मिश्रा याही या पुरस्काराच्या मानकरी होत्या. तोपर्यंत सुमारे १,२०,००० घरे, लहान व्यवसाय व सार्वजनिक ठिकाणी ‘सेल्को’चे दिवे पोहोचले होते.

आता बहुतेक गावांत विजेच्या तारा आल्या आहेत. पुरवठ्याची खात्री मात्र सर्वत्र नाही. त्यामुळे कामाचा भर घरातील दिव्यावरून शिवणयंत्र, लोहाराचा भाता आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या वीजपुरवठ्याकडे सरकला आहे.