उंबरठ्यापलीकडची भीती

घराबाहेर पडायचं म्हटलं की काहींच्या छातीत धडधड सुरू होते, तळहातांना घाम सुटतो, पाय जड होतात. 'रस्त्यातच काही झालं तर?' हा एकच विचार डोक्यात फिरत राहतो. आपल्याकडे अशा माणसाला कुणी भित्रा म्हणतं, कुणी कामचुकार. कुणी दृष्ट काढतं, कुणी ताईत बांधतं. पण मित्रहो, या भीतीलाही इतिहास आहे. तो ठाऊक असेल तर बोल लावणारी जीभ थोडी आवरते.

१८७१ साली बर्लिनचे डॉक्टर कार्ल वेस्टफाल यांनी या आजाराला 'अ‍ॅगोराफोबिया' हे नाव दिलं. ग्रीक भाषेत 'अगोरा' म्हणजे बाजाराचा, सभेचा चौक. वेस्टफाल यांनी तीन पुरुषांची हकिगत लिहिली. त्यांतला एक तर फिरता विक्रेता होता! मोकळा चौक ओलांडताना तिघांचाही जीव घाबरा होई. सोबतीला कुणी असलं किंवा हातात नुसती काठी असली, तरी धीर येई. पुढे १८८९ मध्ये व्हिएन्नाचे वास्तुविशारद कामिलो झिट्टे यांनी नव्या शहरांच्या अवाढव्य चौकांनाच दोष दिला.

उपाय सापडायला मात्र वेळ लागला. १९१८ साली बुडापेस्टच्या परिषदेत फ्रॉइड यांनी सांगितलं, की असा रुग्ण केवळ बोलण्यानं बरा होत नाही. त्याला रस्त्यावर जाऊन भीतीशी झगडायला तयार करावं लागतं. १९५८ मध्ये जोसेफ वोल्पे यांनी त्याची पायरी-पायरीची पद्धत मांडली. १९६२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या डॉ. क्लेअर वीक्स यांनी सामान्य वाचकांसाठी पुस्तक लिहिलं. भीतीशी कुस्ती खेळू नका, तिला येऊ द्या, ती ओसरते, हे त्यांचं सांगणं.

आपल्या सोलापूरला घराबाहेरचं भय नवं नाही. १२ मे १९३० ला इथं मार्शल लॉ लागला आणि जूनअखेरपर्यंत राहिला. गांधी टोपी घालून रस्त्यावर येणं हीदेखील जोखीम होती. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. ते भय खरं होतं, त्याला कारण होतं. २०२० च्या टाळेबंदीतलं भयही तसंच. पण धोका संपल्याची तारीख असते, मनातल्या भीतीला ती नसते.

माझ्या ओळखीचा एक विणकर अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर वीस वर्षं काम करत होता. टाळेबंदी उठली, माग सुरू झाले, पण याचं पाऊल उंबरठ्याबाहेर पडेना. मालकाचे दोन निरोप आले. "चाचा, कंबर धरलीय," असं तो मला सांगे. मजुरी कामावर; माग थांबला की चूल थांबते. घर चालवायला त्याची बायको विड्या वळत होती.

शेवटी तीच त्याला सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचार डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी औषध दिलं आणि एक वहीही ठेवायला सांगितली. पहिला आठवडा बायकोसोबत गल्लीच्या तोंडापर्यंत. तिथं धडधड वाढली तरी लगेच माघारी फिरायचं नाही, ती उतरेपर्यंत थांबायचं. मग एकट्यानं तिथवर. मग चौक, रिक्षाथांबा. एका सुट्टीच्या दिवशी नुसतं कारखान्याच्या फाटकापर्यंत. दोन-अडीच महिन्यांनी त्यानं अर्धी पाळी केली.

परवा भेटला तेव्हा म्हणाला, "चाचा, भीती पुरती गेली नाही, पण आता तिच्यासाठी खाडा करत नाही."

तुमच्या घरात असं कुणी असेल तर त्याला टोमणे मारू नका. त्याची सगळी बाहेरची कामं स्वतःच्या अंगावर घेऊन त्याला घरात बसवूही नका. त्यानं भीती मुरते. त्याच्याबरोबर चार पावलं चाला. डॉक्टरांकडे जाणं जमत नसेल, तर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. फोन घरातूनच करता येतो. बाहेर पडण्याची पहिली पायरी तीही असू शकते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)